दशावतारातली पायपेटी : कार्तिक ते मृग आणि उरलेले चार महिने

पायपेटी_कुडाळ

मागच्या आठवड्यात जत्रांच्या धाग्यावर एकाने विचारलं होतं, दशावतारात, म्हणजे कोकणातल्या जत्रांत रात्रभर चालणाऱ्या आमच्या लोकनाट्यात, बाजूला बसून पेटी वाजवणारा माणूस वर्षभर करतो तरी काय? तिथे चार ओळी लिहायला घेतल्या, त्या आटपेनात. म्हणून हा वेगळा धागा.

मी कुडाळ तालुक्यातला. एका दशावतारी कंपनीत पायपेटी, म्हणजे पायाने भाता चालवायची हार्मोनियम, वाजवतो. २००६ च्या कार्तिकात बसलो, तेव्हापासून करोनाची वर्षं सोडली तर एकही हंगाम चुकवलेला नाही.

आमचं वर्ष कार्तिकात सुरू होतं. तुळशीची लग्नं लागायला लागली की कंपनीचा पेटारा बाहेर निघतो. गणपतीचा लाकडी मुखवटा, मुकुट, शस्त्रं सगळं त्यात. पेटाऱ्याची पूजा होते, नारळ ठेवतात आणि आम्ही बाहेर पडतो. तिथून वैशाखापर्यंत घरी झोपलेल्या रात्री बोटांवर मोजाव्यात. मी एक छोटी डायरी ठेवतो. गेल्या हंगामात तिच्यात १४३ नाटकं भरली.

जत्रेचा दिवस असा जातो. दुपारी तीन-चारला टेम्पो गावात पोचतो. देवळाच्या धर्मशाळेत किंवा शाळेच्या व्हरांड्यात सामान उतरतं. माझी पेटी मी दुसऱ्या कुणाला उचलू देत नाही. देवळात ओटी भरणाऱ्या बायकांची रांग लागलेली असते, बाहेर खाजं आणि चुरमुऱ्याची दुकानं, पोरांच्या पिपाण्या. जेवण झाल्यावर मालक विचारतात, गावकऱ्यांनी आख्यान (म्हणजे मुख्य कथा) कुठलं मागितलंय? कधी संध्याकाळी ठरतं, कधी रात्री नऊ वाजता. मग सगळे गोलात बसतात आणि मालक कथा सांगतात. तू राजा, तू राणी, तू राक्षस, दुसऱ्या प्रवेशात ऋषी येणार, शाप देणार. अर्ध्या तासात नाटक बांधून होतं. लिहिलेली संहिता नसते. भाषणं रंगमंचावर जागच्या जागी सुचतात, आणि पदंही ज्याला जे त्या घडीला योग्य वाटेल ते तो म्हणतो.

त्या अर्ध्या तासात मी एका बाजूला बसून एकच गोष्ट ऐकत असतो: कुठली भूमिका कुणाला मिळाली. कारण प्रत्येकाची पट्टी, म्हणजे पेटीवरच्या ज्या काळ्या-पांढऱ्या सुराला तो सा धरून गातो ती, वेगळी. आमचा राजापार्टी काळी एकमध्ये गातो. स्त्रीपार्ट करणारा पांढरी चारला जातो. खलनायक खालच्या सप्तकातल्या काळी पाचच्या वर चढतच नाही, पण त्याचा आवाज खालीच घुमतो आणि तिथेच तो भारी वाटतो. राजाचं पद संपतं, राणी आत येते आणि थेट पांढरी चारमध्ये सुरू करते. मधे सूर शोधायला जागा नसते. पहिली ओळ तिची एकटीची, दुसऱ्या ओळीला माझी पेटी खाली हवी. उशीर झाला तर लोकांना कळत नाही, पण नटाला कळतं.

पालखीची प्रदक्षिणा झाली की आमचं सुरू. आधी आड-दशावतार, म्हणजे मुख्य नाटकाआधीचा भाग: नमन, गणपती, रिद्धी-सिद्धी, मोरावरची सरस्वती, भटजी, मग संकासूर. संकासूर मालवणीत बोलतो आणि म्हातारेकोतारे पुढे सरकतात. त्यानंतर आख्यान, ते उजाडेपर्यंत. शेवटी दहीकाला, हंडी फुटते, आणि सूर्य वर आलेला असताना आम्ही तोंडावरचा रंग खोबरेल तेलाने काढणाऱ्या राजाशेजारी बसून चहा पितो. 'रात्री राजा, सकाळी डोक्यार बोजा' ही म्हण सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या गुरूंच्या वेळी तो बोजा खरोखर डोक्यावर असायचा. पेटारे डोक्यावर घेऊन वाटेतले डोंगर चढायचे, पुढच्या गावी तसेच चालत जायचे.

एक रात्र सांगतो. वेंगुर्ले तालुक्यात होतो, पौष महिना, अंगावर दव पडत होतं. स्त्रीपार्ट करणाऱ्या आमच्या नटाने सलग अकरा रात्री काढल्या होत्या. रंगायला बसल्यावर मला जवळ बोलावून म्हणाला, "गळो बसलो आसा रे. किती खाली जातलंय माकाच ठावक नाय." मी म्हटलं, बोटं दाखव. पहाटे तीनच्या सुमारास पुत्रशोकाचा प्रवेश आला. तो बाकड्याला टेकून बसला, पदर पुढे घेतला आणि पदराखालून दोन बोटं जमिनीकडे केली. पांढरी चारवरून दोन पट्ट्या खाली, म्हणजे काळी दोन. मी डाव्या हाताने नुसता षड्ज धरला, उजवा हात उचलून घेतला. त्याने पद उचललं. आवाज फाटत होता, पण सुरात फाटत होता. मृदंगवाल्याने थाप थांबवली. पुढच्या रांगेतली एक आजी तोंडाला पदर लावून रडत होती. त्या पदाला मी शेवटपर्यंत उजवा हात लावला नाही. पेटी कुठे वाजवायची नाही हे शिकायला मला आठ-नऊ हंगाम लागले होते.

पायपेटीबद्दल थोडं. ही लोखंडी किंवा लाकडी घोडीवर बसते, भाता पायाने चालतो, म्हणून दोन्ही हात मोकळे. युद्धाच्या प्रवेशात हे फार उपयोगी. मृदंग आणि झांज चढत जातात, डावा हात षड्ज-पंचम दाबून ठेवतो आणि उजवा धावतो. रात्रभर पाय हलवून फाल्गुनापर्यंत घोट्यांना सूज येते. माझ्या उजव्या घोट्याला दर शिमग्यात गरम पाण्याचा शेक ठरलेला.

मृग लागला की पेटी घरी येते. पुढचं नंतर लिहितो, आज नाटक सावंतवाडीकडे आहे, निघायला हवं.

चाकरमानी_डोंबिवली

वाचताना अंगावर काटा आला. आमचं गाव नेरूर. लहानपणी जत्रेला आजोबांच्या घोंगडीत झोपायचो आणि संकासूर आला की ते उठवायचे. पेटीवाल्याकडे कधी लक्षच गेलं नव्हतं. नाटक आठवायला गेलं तर मात्र आधी पेटीच ऐकू येते.

इथे मुंबईत पावसाळ्यात संयुक्त दशावतार लागतात, वेगवेगळ्या कंपन्यांतले नावाजलेले नट एकत्र येऊन. मी एकही सोडत नाही. एक प्रश्न: तिथे सगळे नट वेगळ्या कंपन्यांचे, मग पेटीवाल्याला पट्ट्या कशा कळतात?

पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

संवादिनी_पुणे

फार मोलाचं लेखन. मी शास्त्रीय साथीसाठी पेटी वाजवते, त्यामुळे दोन-तीन गोष्टी विचारल्याशिवाय राहवत नाही.

पेटी मुळात युरोपातली. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबेनने १८४२ मध्ये हार्मोनियमचं पेटंट घेतलं, तेव्हा ती पायानेच चालायची. हाताच्या भात्याची पेटी नंतर कलकत्त्यात घडली, जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्यांसाठी. म्हणजे तुमच्या पायपेटीने जुनं रूप टिकवलंय. संगीत नाटकातल्या ऑर्गनलाही लोक पायपेटीच म्हणतात, पण ऑर्गनमध्ये भाता हवा आत ओढतो आणि पेटीत बाहेर ढकलतो. तुमची कुठली?

दुसरं. आमच्याकडे पेटीवर कायम आक्षेप असतो: मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही, श्रुती (सुरांमधले बारीक फरक) सापडत नाहीत. आकाशवाणीने १९४० ते १९७१ पेटीला दार बंद केलं होतं ते त्यामुळेच. तुम्हाला स्टेजवर ही अडचण जाणवते का?

आणि तुम्ही शिकलात कुणाकडे? कसं?

पायपेटी_कुडाळ

@चाकरमानी_डोंबिवली, संयुक्त नाटकात पेटीवाला सगळ्या नटांना आधीच ओळखत असतो. हंगामभर एकमेकांची नाटकं कानावर पडतात, एकाच गावात दोन कंपन्या आल्या की रात्री मोकळा असलेला दुसऱ्याच्या मांडवात जाऊन बसतो. नवा नट असला तर तो रंगायला बसलेला असताना मी शेजारी जाऊन बसतो. माणूस रंग लावताना गुणगुणतोच. तिथे त्याची पट्टी सापडते. विचारली तर तो एक पट्टी वरची सांगतो, हा माझा अनुभव.

@संवादिनी_पुणे, ताई, माझी पेटीच आहे, हवा बाहेर ढकलणारी. साडेतीन सप्तकं, दुहेरी सूर, म्हणजे प्रत्येक पट्टीला दोन: खालचा खर्ज आणि मधला नर. हे सूर म्हणजे आत वाजणाऱ्या पितळी जिभा, गुजरातेतल्या पालिताण्याच्या. ऑर्गनचा आवाज गोड, पण तो आमच्या मांडवात पोचत नाही. आमच्याकडे पूर्वी माईक नव्हता, पेट्रोमॅक्सच्या उजेडात हजार माणसांपुढे नाटक व्हायचं. तिथे पेटीला ओरडावं लागतं.

मींड निघत नाही हे खरंच आहे. पण आमच्या नटाला मींड त्याच्या गळ्यात असते, मी ती काढायला गेलो तर त्याच्या आड येईन. तो षड्जावरून मध्यमाला घसरत जातो, मी मध्यमावर आधी जाऊन थांबतो. त्याला उतरायला जागा मिळते. आणि आकाशवाणीची ती तीस वर्षं तुम्ही म्हणालात, तेव्हा आमच्याकडे देवळादेवळांत पेटी रोज रात्री वाजत होती. माझ्या गुरूंचे गुरू त्याच काळातले.

शिकलो म्हणजे पाठीमागे बसलो. दोन हंगाम मी झांज वाजवली. गुरू पेटीवर, मी त्यांच्या उजव्या कोपराशी. दिवसा ते झोपायचे, मी पेटी पुसायचो आणि पट्ट्यांवर नुसती बोटं फिरवायचो, भाता न हलवता, कारण आवाज झाला तर बाकीचे उठतील. आवाजाशिवाय बोटं फिरवल्याने हात तयार झाला असं मला आजही वाटतं. तिसऱ्या हंगामात एका रात्री त्यांना ताप होता. संकासुराच्या वेळी त्यांनी मला पुढे सरकवलं आणि स्वतः मागे बसून झांज घेतली. नटांना त्यांनी सांगितलंही नाही. त्यांच्याकडे वही नव्हती, पन्नास-साठ नटांच्या पट्ट्या डोक्यात. मला जमलं नाही, म्हणून मी डायरीत लिहितो.

सध्या मला काळजी वाटते ती याच गोष्टीची. पाठीमागे बसायला पोरं येत नाहीत. पेटी शिकणारी पोरं जिल्ह्यात आज खूप आहेत, परीक्षाही देतात, माझ्यापेक्षा सफाईने वाजवतात. पण रात्रभर जागून दुसऱ्याच्या कोपराशी बसायचं, दोन वर्षं काहीच वाजवायचं नाही, हे त्यांच्या आईबापांना पटत नाही. त्यांचं चुकतं असंही मला म्हणवत नाही. मी पहिल्या हंगामात नाईटला दीडशे रुपये घेतले होते.

रानमोगरा

पहिल्यांदाच लिहितेय इथे. माझे आजोबा दशावतारात पेटी वाजवायचे, वेंगुर्ल्याकडे. मी त्यांना पाहिलेलं नाही, आईच्या लग्नाआधीच गेले. त्यांची पायपेटी माळ्यावर आहे. मामा म्हणतात विकून टाकू, जुन्या वस्तू घेणारा एक जण दिवाणखान्यात ठेवायला मागतोय. मी सध्या गावी आलेय महिनाभर. काल माळ्यावर चढून बघितलं. पाय ठेवायच्या फळ्यांचे पट्टे कुजलेत, आतून काहीतरी सळसळलं म्हणून झाकण उघडलं नाही.

ती वाजू शकेल का पुन्हा? मला वाजवता येत नाही. पण आवाज ऐकायचाय.

ढोलकी_जुन्नर

वाचतोय. रानमोगराताई, विकू नका, एवढंच आधी सांगतो.

मी तमाशाच्या फडात ढोलकी वाजवायचो, आता गुडघ्यांमुळे थांबलो. आमचं वर्ष तुमच्याआधी सुरू होतं. दसऱ्याला फड बाहेर पडतात. खरी धांदल चैत्र-वैशाखातल्या यात्रांना. त्याच्या आधी नारायणगावला फडांच्या राहुट्या पडतात, गावोगावचे यात्रा कमिटीवाले तिथे येऊन सुपारी ठरवतात. कुठल्या गावची कुठली तारीख, किती बिदागी, सगळं त्या राहुटीत. पाऊस आला की फड मोडतो आणि जो तो आपल्या गावी.

आमच्याकडे गण, गौळण, बतावणी, लावण्या आणि मग वग. ढोलकी, हलगी, तुणतुणं, झांज हे मूळचं. पेटी आली, मग क्लॅरिनेट आलं, आता कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड. आमच्या फडातल्या पेटीमास्तरांनी कीबोर्ड घेतला त्या दिवशी मला वाईट वाटलं होतं. त्यांनी मला सांगितलं, एक बटन दाबलं की पट्टी बदलते, बोटं तीच ठेवायची. त्यांच्या बोटांना संधिवात होता, त्यांना ते बरं पडलं. तरी ढोलकीशी बोलायची ती पेटीच. तिच्या भात्याचा दाब कमीजास्त होतो, आमची थाप चढली की मास्तर भाता दाबायचे आणि सूर फुगायचा. कीबोर्डला ते पायडलने करतात, पण थापेच्या मागून येतं.

तुमच्या कंपन्यांत कीबोर्ड आला का?

पेडण्याची_पोर

आमच्या गोव्यातल्या पेडण्यात दशावताराला आजही 'कालो' म्हणतात, आणि सीमेच्या दोन्ही बाजूंच्या कंपन्या येतात. माझ्या आईच्या माहेरी काल्याला सगळ्या लेकी परत येतात, चतुर्थीला आली नाही तरी काल्याला यायचंच.

पेटीच्या बाबतीत गोव्याला अभिमान आहे. तुळशीदास बोरकर बोरीचे, पद्मश्री मिळालेले. मोठ्या मैफलींचे वादक सगळ्यांना माहीत असतात, काल्यातला पेटीवाला कुणालाच नावाने माहीत नसतो. म्हणून हा धागा मला फार आवडला.

एक विचारते. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवायचा नियम आहे ना, मग रात्रभरच्या नाटकाचं काय होतं? आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी एका ठिकाणी कुणीतरी तक्रार केली आणि आख्यान अर्ध्यावर थांबलं. म्हातारी माणसं तशीच बसून राहिली होती.

पायपेटी_कुडाळ

काल रात्रीचं नाटक आटपून आत्ता उठलो. एकेकाला उत्तर देतो.

@पेडण्याची_पोर, २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. सरकार वर्षातले काही ठरावीक दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं, पण जत्रा काही त्या दिवसांत मावत नाहीत. काही ठिकाणी आता नाटक सात वाजता सुरू करतात. मग आड-दशावतार आटोपशीर होतो, कधी सरस्वतीच गाळली जाते. मला ते लागतं. नियम वाईट आहे असं मी म्हणणार नाही, आजारी माणूस घरात असला की काय होतं ते मीही बघितलंय. पण माईक बंद करून नाटक चालू ठेवता येतं. आम्ही मालवण तालुक्यात एकदा केलं. दहा वाजता माईक काढला, लोकांना सांगितलं पुढे सरका. चारशे-पाचशे माणसं मांडवात अगदी चिकटून बसली. नटांनी आवाज उघडले. मी पेटीची मागची फळी काढली, सूर दुप्पट बाहेर आला. पहाटेचं भैरवीचं पद मांडवाबाहेरही गेलं नसेल, पण आतल्या प्रत्येकाला शब्द ऐकू आला.

@ढोलकी_जुन्नर, कीबोर्ड आलाय दादा, ट्रिकसीनच्या नाटकांत तर लागतोच. वीज कडाडते, नाग निघतो, त्याला तो आवाज हवा असतो. आमच्या कंपनीत तो माझ्या शेजारी असतो, पदांना मात्र पायपेटी. दाबाचं तुम्ही जे लिहिलंत ते अगदी तसंच आहे. मृदंगवाल्याचा खांदा चढला की माझा पाय आपोआप जोरात पडतो.

आता राहिलेले चार महिने. मृगाच्या आधी हंगाम संपतो. मालक हिशोब करतात, कुणाची उचल किती, कुणाचं देणं किती. मी घरी येतो आणि पहिले चार-पाच दिवस रात्री झोपच लागत नाही. बायको पहाटे उठते तेव्हा मी पडवीत बसलेला असतो. मग पाऊस धरतो, भाताचा तरवा (रोपं) काढायचा, मग त्याची लावणी. पंधरा दिवस चिखलात हात घातल्यावर बोटं लाकडासारखी होतात, आषाढात मी पेटीला हात लावत नाही. श्रावणात भजनं सुरू. आमच्याकडे भजनात बुवा स्वतः पेटी वाजवत गातो, त्यामुळे तिथे माझं काम वेगळं: मीच गायचं, मीच साथ करायची. मला गळा बेताचा, पण गावच्या भजनी मंडळात मी आहे. डबलबारीला दोन बुवा समोरासमोर बसतात तेव्हा मी ऐकायला जातो, गात नाही. चतुर्थीला घरोघरी भजन, एका रात्री सात-आठ घरं, प्रत्येक घरी उसळ-पाव नाहीतर करंज्या. चाकरमानी आलेले असतात, ज्या घरी एरवी दिवा एकच असतो तिथे पंधरा माणसं झांजा कुटतात. चतुर्थी हा माझा वर्षातला सगळ्यात आवडता काळ आहे, कारण घरातली माणसं माझी पेटी बहुतेक तेव्हाच ऐकतात. माझी मुलगी दशावतारात मला वाजवताना वर्षातून मोजून चार वेळा बघते, दुसऱ्या दिवशी शाळा असते.

भाद्रपद संपला की पेटी उघडायची. आमची हवा खारी. चार महिन्यांत लाकूड फुगतं, पट्ट्या चिकटतात, लोखंडी स्प्रिंगा गंजतात. उन्हात ठेवायची नाही, फळी तडकते. वाऱ्याला, सावलीत, दोन-तीन दिवस उघडी ठेवायची.

@रानमोगरा, तुमच्यासाठीच एवढं लिहिलं. विकायचं की नाही ते घरच्यांनी ठरवा, पण आधी उघडून बघा. सळसळलं ते झुरळ नाहीतर उंदीर, काठीने आधी पेटीवर टकटक करा, थोडा वेळ जाऊ द्या. पेटी दोघांनी धरून खाली आणा, एकट्याने नको. वरची फळी बहुतेक फिरत्या लाकडी खिटीवर नाहीतर दोन स्क्रूवर असेल. मऊ ब्रशने धूळ काढा. तोंडाने फुंकर मारू नका, ओल बसते. मग सुरांची फळी दिसेल, एकेका भोकावर पितळी पट्टी. त्या जिभेला बोट लावू नका, वाकली की सूर गेला. एखादा बोलत नसेल तर साध्या कागदाची कड जिभेखालून हळूच फिरवा, निम्मे सूर तेवढ्यानेच बोलतात. जीभ मुळाशी चिरलेली दिसली तर तो सूर बदलावा लागेल, तेवढाच. पायाचे पट्टे चप्पल शिवणाऱ्याकडून करून घ्या, आम्ही तसंच करतो. भात्याचं कातडं कुरतडलेलं असेल तर मात्र जाणत्याकडे न्या.

आत जे काही सापडेल ते फेकू नका. पेटीवाले आत काहीबाही ठेवतात.

संवादिनी_पुणे

रानमोगरा, एक भर. सूर खरवडून जुळवायला कुणी निघालं तर आधी सगळे सूर आहेत तसे मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून ठेवा. जिभेचं टोक खरवडलं की सूर चढतो, मूळ खरवडलं की उतरतो, आणि खरवडलेलं पितळ परत येत नाही. आजोबांनी ती जशी जुळवून ठेवली होती ते जुळवणंही जपण्यासारखं आहे.

पायपेटीदादा, जिथे उजवा हात उचलून घेतलात ती रात्र मी माझ्या विद्यार्थ्यांना वाचून दाखवली.

चाकरमानी_डोंबिवली

अवांतर: रामदासांनी दासबोधात दशावतारींचा आणि स्त्रीवेष घेणाऱ्या पुरुषांचा उल्लेख केलाय. सतराव्या शतकात हे लोक खेळत होते. पेटी अर्थातच नव्हती. तेव्हा पट्टी कोण धरत असेल, हा विचार आज लोकलमध्ये डोक्यात फिरत होता.

रानमोगरा

उघडली.

नऊ दिवस गेले मधे. मामांनीच मदत केली शेवटी. आत उंदराचं घरटं होतं, लग्नपत्रिकांचे तुकडे, भाताचा तूस. भाता एका कोपऱ्यात कुरतडलेला, बाकी धड. कुडाळला एका भजनीबुवांकडे नेली, त्यांनी कातड्याचा तुकडा चिकटवून दिला, पैसे घेतले नाहीत. पट्टे चप्पलवाल्याकडून.

छत्तीसपैकी अठ्ठावीस सूर बोलले. कागद फिरवल्यावर अजून तीन. पाच मेलेत. बुवांनी काळी एकचा षड्ज लावला तेव्हा आई स्वयंपाकघरातून हात न पुसताच बाहेर आली. काही बोलली नाही, उंबऱ्यावर बसून राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, बाबा सकाळी घरी यायचे तेव्हा अंगाला खोबरेल आणि बिडीचा वास यायचा.

मला सांगायचंय ते वेगळंच. वरच्या फळीच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेलं सापडलं. अक्षर मोडीसारखं वळणदार आहे पण देवनागरी. जसंच्या तसं उतरवते:

राजा – का. १
राजा (धाकटा) – पां. १
राणी – पां. ४, थंडीत का. ३
नारद – का. २
राक्षस – पां. ६ खा.
ऋषी – का. ५ खा.
संकासूर – (इथे नुसती आडवी रेघ आहे)
आणि सगळ्यात खाली, वेगळ्या पेन्सिलीने: राणी – का. २. त्याखाली दोन रेघा.

का. म्हणजे काळी, पां. म्हणजे पांढरी, हे तुमच्या धाग्यामुळे समजलं. बाकीचं सांगाल का?

पायपेटी_कुडाळ

ताई, नाटकाला निघता निघता वाचलं, टेम्पोत बसून लिहितोय.

ही तुमच्या आजोबांच्या कंपनीतल्या नटांची यादी आहे. नावं लिहिली नाहीत, कारण त्यांना फक्त भूमिका बघायच्या होत्या. 'खा.' म्हणजे खर्जात, खालच्या सप्तकात. राजा दोघे होते, थोरला आणि धाकटा, धाकट्याचा आवाज एक पट्टी उतरलेला. संकासुरापुढे रेघ, कारण तो पदं म्हणतो ती बोलल्यासारखी, कुठूनही उचलतो, त्याला पट्टी लावून ठेवता येत नाही. मीही माझ्या डायरीत त्याच्यापुढे काही लिहीत नाही.

राणीचं बघा. पांढरी चार. थंडीत काळी तीन, म्हणजे दोन पट्ट्या... नाही, काळी तीन पांढरी चारच्या वर येते, खाली नाही. पहिल्यांदा मीही चुकलो. म्हणजे तो नट थंडीत वर जायचा. असे गळे असतात, गार हवेत मोकळे होतात. आमच्याकडे असा एक होता. तुमच्या आजोबांनी ते ओळखलं होतं.

आणि खालची नोंद नंतरची आहे, पेन्सिल वेगळी आहे म्हणालात. राणी काळी दोन. तोच नट असेल तर वय झालं, गळा उतरला. दोन रेघा विसरू नये म्हणून मारलेल्या. त्या वयात त्याला रोज बोटं दाखवायला लागू नयेत म्हणून आजोबांनी आधीच पेटी खाली घेऊन ठेवली असणार.

पाच मेलेले सूर कुठले ते कळवा. माझ्याकडे जुन्या पेटीचे काही पितळी सूर डब्यात आहेत, जुळले तर देतो. परवा आमचं नाटक तुमच्या बाजूला आहे, रात्री अकराला पालखी. आईला घेऊन या, पेटीच्या बाजूला दोन खुर्च्या ठेवायला सांगतो.

आणि पेटीला पॉलिश करणार असाल तर ती फळी आधी काढून घरात ठेवा, पॉलिशवाल्याच्या हातात देऊ नका.